गुरुवारची तारीख चुकवू नका

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर बाबा ‘सगळं बरं आहे’ म्हणून उरकतात, म्हणून लिहायला बसले. काजूचे पैसे हातात आले की मग आईला बेळगावला दाखवू, असं ठरवलंत म्हणे. काकूंनी कळवलं. बाबा, हे चालायचं नाही. आईची अंडाशयाच्या कॅन्सरची केमो संपून वर्षच झालंय. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांसमोर सांगितलंय. हा आजार उलटला तर बहुधा याच काळात उलटतो.

आणि आई, तुझं दुसरंच टोक. रक्तातलं सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरवर लक्ष ठेवायचा तो आकडा, अकराचं चौदा झालं म्हणून दोन रात्री जागलीस! अगं, मर्यादा ३५ ची आहे. त्याच्या आत थोडं खालीवर होतंच. लॅब बदलली तरी आकडा बदलतो, म्हणून रक्त दरवेळी एकाच ठिकाणी दे. आणि दर महिन्याला तर मुळीच नको. मी डॉक्टरांना खोदून विचारलं. म्हणाले, ब्रिटन-युरोपातली मोठी पाहणी २०१० साली छापून आली. काही त्रास नसताना नुसत्या वाढलेल्या आकड्यावर लगेच केमो घेतलेल्या बायका त्रास होईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. मलाही हे पचायला जड गेलं. तेव्हा आकड्याइतकंच पोटाकडे बघ. पोट फुगतंय, दोन घासांतच भरतंय, ओटीपोटात दुखतंय, सारखी लघवीला होतेय, असं आठ-दहा दिवस राहिलं तर ‘गॅस असेल’ म्हणत ओवा चावत बसू नकोस. तारखेची वाट न बघता जा.

आता पैशाचं. ऑपरेशन आणि केमो आपल्या बीपीएल कार्डावर निभावलं, पण ओपीडीतलं रक्त नि सीटी स्कॅन खिशातनंच जातंय. बाबा म्हणतात, महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय, कोल्हापूरला जाऊ. पण तीही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. रक्ताच्या बिलासाठी तिच्यावर विसंबू नका. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आईची तारीख तशी लोंबकळत ठेवायची नाही. लॅबचे पैसे मी इथूनच यूपीआयने भरते.

आई, ती बीआरसीए जनुकाची, म्हणजे आईवडिलांकडून येणारा कॅन्सरचा दोष शोधायची, तपासणीही तू महाग म्हणून टाळतेस. ती एकदाच करायची असते. त्यात दोष निघाला तर तुझं पुढचं औषध ठरवायला उपयोग होईल, आणि तोच दोष माझ्यात असायची शक्यता निम्मी. म्हणजे ती माझीही तपासणी झाली. तिचा खर्च माझा, वाद नको.

गुरुवारी सकाळची खानापूर-बेळगाव बस धरा. जुने रिपोर्ट निळ्या फाईलीत आहेत, कार्डही घ्या. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस मोफत, म्हणून आईला तिकीट नाही. बाबा, तुमचं तेवढं काढा.

तुमची लेक