लाल वहीतली नावं

दादर, मुंबई
१४ जून

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

दवाखान्याच्या पूजेला चिपळूणहून धावत आलास, पण तुझ्याशी धड दोन शब्द बोलता आलं नाही. निघताना जिन्यात तू विचारलंस, "अरे, नुसत्या लघवीच्या तक्रारींसाठी वेगळा दवाखाना कशाला?" खाली टॅक्सी थांबली होती, म्हणून उत्तर राहिलं. ते आज लिहितो.

लालबागच्या चाळीतली ती रात्र तुला आठवत असेल. आपण बारावीत होतो. दादांची लघवी संध्याकाळपासून अडली होती आणि ते कुणाला सांगत नव्हते. गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत भिंत धरून जायचे आणि तसेच परत यायचे. मध्यरात्री ओठ चावून बसलेले आईला दिसले, तेव्हा टॅक्सी आणायला तूच धावला होतास. हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने नळी घातली. जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. दादांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडले. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. नंतर कळलं, दोन वर्षं ते रात्री चार-पाच वेळा उठत होते. घर दहा बाय बाराचं, सगळे शेजारी-शेजारी झोपलेले, तरी कुणाला पत्ता नाही. लाजच तेवढी होती.

त्या रात्रीच माझं ठरलं. एमबीबीएस, मग जनरल सर्जरीचं एमएस, त्यावर युरोलॉजीची आणखी तीन वर्षं. परळला केईएममध्ये शिकलो. नंतरची वीस वर्षं दुसऱ्यांच्या हॉस्पिटलांत गेली. हात चांगला बसला, पण मनासारखं बोलायला वेळ मिळेना. पेशंटमागे पाच मिनिटं. एवढ्यात साठीचा माणूस कपडे ओले होतात हे सांगेल का? तो "जरा जळजळ होते" म्हणतो आणि गोळ्या घेऊन जातो.

एक पेशंट मात्र डोक्यातून जात नाही. टॅक्सी चालवणारा माणूस. मुतखडा काढताना दुसऱ्या एका हॉस्पिटलात त्याच्या मूत्रनलिकेत स्टेंट ठेवला होता. ही मऊ नळी खडा काढल्यावर सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवते. काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत काढावी लागते. त्याची तीन वर्षं आतच राहिली होती. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ होती, पण मराठीत कुणी सांगितलंच नव्हतं. एक्सरे लावला तर नळीच्या दोन्ही टोकांना खड्याचे गोळे. खडा काढायला गेला आणि खडे घेऊन फिरत राहिला. लेझरने थर फोडून नळी काढायला दोनदा भूल द्यावी लागली.

म्हणून माझ्या टेबलावर लाल पुठ्ठ्याची वही आहे. स्टेंट ठेवला की नाव, फोन नंबर आणि काढायची तारीख मी स्वतः लिहितो. तारीख टळली की सिस्टर फोन करतात. नळी निघाल्याशिवाय नावावर रेघ मारायची नाही. कॉम्प्युटर आहेच, पण वही रोज डोळ्यांसमोर असते. कुणाला पटो न पटो, माझ्या दवाखान्याचं अर्धं काम त्या वहीत आहे.

उरलेलं अर्धं बोलण्यात. बियरने खडा पडत नाही, दूध सोडू नका, मीठ कमी करा, दोन-सव्वादोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. हे रोज सांगतो. पण मासळी विकणारी बाई विचारते, "पाणी पिऊ, पण जाऊ कुठं?" तिला काय सांगू? मुंबईतल्या बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' म्हणत मुताऱ्यांसाठी चळवळ चालवली, ती मला तरी आरोग्याचीच चळवळ वाटते. लघवी दाबून धरणं आणि त्या भीतीने पाणीच न पिणं, यातून जंतुसंसर्ग होतो, खडे होतात. गुरुवारची संध्याकाळ फक्त बायकांसाठी ठेवली आहे, तपासायला डॉक्टरीणबाई असतात.

आता तुझं. जिन्यात वहिनी हळूच म्हणाल्या, तू रात्री तीनदा उठतोस. मला का सांगितलं नाहीस? घाबरू नकोस, पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे, पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. पण तपासायला हवं. तीन दिवस एका कागदावर लिही: किती पाणी प्यालास, कितीदा गेलास, मापाच्या भांड्यात किती झाली, रात्री किती वेळा उठलास. तो कागद घेऊन पुढच्या शनिवारी मांडवी एक्स्प्रेसने ये. स्टेशनवर मी घ्यायला येतो.

तुझा,
बंड्या