विषाचं नाव तरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान तीनवर ‘बाजारातील उंदीर मोहीम यशस्वी’ ही बातमी वाचली. फोटोत हार घातलेली माणसं दिसली, उंदीर एकही दिसला नाही. यश कसं मोजलं हे बातमीदारानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते त्यानं विचारलं नाही म्हणून हे पत्र.

त्या मोहिमेत माझा साडेतीन वर्षांचा नातूही सापडला होता. त्याची बातमी झाली नाही.

मंगळवारी दुपारी तो दुकानाच्या पायरीवर खेळत होता. मी गिऱ्हाइकाला कापड दाखवत होतो. वळून बघतो तर याच्या मुठीत कणकेची काळपट गोळी, ओठाला पीठ लागलेलं. पायरीखाली कागदाच्या तुकड्यावर तशाच आणखी दोन-तीन गोळ्या. तळलेल्या तेलाचा वास असा की मोठ्या माणसालाही भजी आठवावीत. कागद आपल्याच वृत्तपत्राचा होता, आणि त्यावर वाचकांच्या पत्रांचा कोपरा! आमच्या पत्रांचा कुणाला तरी उपयोग होतो, हे त्या दिवशी कळलं.

त्याची आजी मिठाचं पाणी पाजायला धावली. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्या, “काही पाजू नका, ओकवू नका, गोळी बरोबर घेऊन या.” पोचताच पहिला प्रश्न, “औषध कुठलं?”

आता हे कोण सांगणार? बाजाराच्या कट्ट्यावर ना पाटी, ना चिठ्ठी. बाजार बघणाऱ्यांना फोन केला तर ‘ठेकेदाराला विचारा’. ठेकेदार म्हणाला, ‘पोरं टाकून गेली, त्यांना विचारा’. त्यातला एक पोरगा एकदाचा फोनवर मिळाला. “इलि पाषाण री,” कन्नडमध्ये म्हणाला. उंदराचं विष! एवढं मलाही कळत होतं. कुठलं विष, तर “गोत्तिल्ला,” म्हणजे माहीत नाही. तोवर नातू माझ्या मांडीवर, आणि बाई त्याच्या तोंडाला लसणासारखा वास येतो का ते पाहतायत.

नाव कशाला हवं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी बाईंनी मला जे सांगितलं ते लिहितो. झिंक फॉस्फाईड असेल तर पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा विषारी वायू होतो आणि त्याला उतारा नाही. ब्रोमाडायोलोन असेल तर ते रक्त गोठू देत नाही. पोर दोन दिवस हसतं-खेळतं दिसतं आणि मग रक्तस्राव सुरू होतो, पण त्याला व्हिटॅमिन के हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असेल तर यकृताचं वाटोळं. तीन विषं, तीन वाटा. आणि आम्हाला एकच उत्तर, उंदराचं औषध.

पोरानं नुसती चाटली होती, गिळली नव्हती. रात्रभर ठेवून घेतलं, पुढेही रक्त तपासायला बोलावलं. आज तो ठीक आहे. विषाचं नाव अजून कळलेलं नाही.

माझे चुलते शाळेची पायरी चढले नव्हते. उसात उंदीर लागला की तेही औषध घालायचे. पण आधी दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा. उंदीर संशयी जात, सवय झाल्याशिवाय नवं काही तोंडात घेत नाही. आणि एकदा थोडंसं खाऊन वाचला तर पुन्हा शिवत नाही. तिसऱ्या दिवशी औषध. तेही काठीनं कालवायचं, हात लावायचा नाही, आणि पुड्या बिळात खोल सारून वर माती. आदल्या संध्याकाळी शेजारच्या चार वस्त्यांवर स्वतः जाऊन सांगायचे, “उद्या कोंबड्या डालग्यातच ठेवा, कुत्रं बांधा.” दुसऱ्या सकाळी शिवारात फिरून उरलेल्या पुड्या आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल खड्ड्यात पुरायचे. किती पुड्या घातल्या हे तोंडपाठ. एक कमी भरली तर जेवायला बसायचे नाहीत. काकू चिडायची, “एका पुडीसाठी केवढा वनवास!”

आमच्या मोहिमेत गोळ्या मोजल्या कुणी? भर बाजारात, जिथं बायका भाजी पसरून बसतात, तिथं उघड्या कागदावर विष ठेवायचं आणि उचलायला कुणी यायचं नाही! कुलपाच्या पेट्या मिळतात, उंदीर आत शिरतो, पोराचा हात शिरत नाही. त्या का नाहीत? चहाच्या गाड्यावरची मांजरी त्याच आठवड्यात मेली, तिचा तर पंचनामाही नाही. मेलेले उंदीर झाडूवाल्या बाया उघड्या हातांनी शेपटीला धरून गटारात टाकत होत्या. आमची आजी सांगायची, प्लेगात ‘घरात उंदीर पडला’ की माणसं घर सोडून माळावर झोपडीत जायची. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरं अंग शोधतात, हे तिला माहीत होतं. आमच्याकडे हातमोजेसुद्धा नाहीत.

आणि उंदीर येतात ते काय औषध खायला? रात्री हॉटेलांचा खरकटा भात गटाराच्या तोंडाशी ओततात, तो आधी बंद करा की.

गुरुवारी, म्हणजे सगळं झाल्यावर, कट्ट्यावर एक कागद चिकटवला गेला. नुसत्या कन्नडमधून. मला कन्नड वाचता येतं, त्यात काही नाही. पण भाजी घेऊन येणाऱ्या आमच्या खेड्यांतल्या बायकांना ते वाचता येत नाही. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, हे कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीपासून आम्हाला फुटपट्टी लावून दाखवतात. लावा, लावतो. पण १५ टक्क्यांहून जास्त लोक ज्या भाषेचे, त्यांना महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हा भाषिक अल्पसंख्याकांचा जुना नियमही आहे की! विषाच्या चिठ्ठीला तरी तो लावा. सीमाप्रश्न सुटायची वाट उंदीरही बघणार नाहीत.

उरलेल्या दोन गोळ्या मी काचेच्या बरणीत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी ओळख पटवून न्याव्यात. येताना नाव सांगावं. स्वतःचं नाही सांगितलं तरी चालेल, विषाचं सांगा.

आपला,
एक कापड दुकानदार
(बेळगाव तालुका)

ता. क. : त्याच कट्ट्यासमोरच्या गटारावरची फरशी पावसाळ्यापूर्वी उचललेली आहे, ती अजून बसवलेली नाही. त्यावर मी याआधी पाठवलेलं पत्र आपण छापलं नव्हतंत. तिथं आता एका मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला आहे.