थायलंडचे दोन किनारे, दोन पावसाळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीवर सॅक अडकवून, टूर कंपनीशिवाय परदेश पाहणाऱ्या तरुण वाचकांसाठी थायलंडच्या बेटांवरील लेख आपण रविवारच्या पुरवणीत छापलात, याबद्दल आपले आभार. रात्रीची रेल्वे, स्वस्त हॉस्टेल, बाजारातले जेवण यांविषयीची त्यातील माहिती नेमकी आणि उपयोगाची आहे. आक्षेप आहे तो लेखाखालच्या चौकटीला. तिथे फुकेत, क्राबी, को समुई आणि को ताओ ही चार नावे एका ओळीत घालून ‘जाण्यास उत्तम काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळी सुटीतही हरकत नाही’ असे सरसकट म्हटले आहे. लेख कोणी पूर्ण वाचो न वाचो, चौकटीचा फोटो मात्र मोबाइलवरून घरोघरी फिरतो आणि तिच्या भरवशावर विमानाची तिकिटे काढली जातात. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहिते आहे.

दक्षिण थायलंड म्हणजे उत्तर-दक्षिण उतरलेली जमिनीची एक लांब, चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला अंदमानचा समुद्र आणि पूर्वेला थायलंडचे आखात. पट्टीच्या मधून डोंगररांगा गेल्या आहेत आणि त्यांचे काम आपल्या सह्याद्रीसारखेच आहे. मेपासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा फुकेत, क्राबी, फी फी, रानोंग या पश्चिम बाजूवर पाऊस ओततो, तेव्हा डोंगराआडच्या को समुई, को फांगान, को ताओ या आखातातल्या बेटांवर अधूनमधून सरी पडतात एवढेच. ऑक्टोबरनंतर वारा फिरतो. ईशान्येकडून येणारा हाच वारा आखातावरून बाष्प उचलतो आणि पूर्व किनारा भिजवतो. मग फुकेतला ऊन असते आणि समुईला छत्री लागते. चेन्नईला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये का पडतो हे ज्याने शाळेत समजून घेतले आहे, त्याला समुईचा नोव्हेंबर वेगळा शिकवावा लागत नाही. त्या बेटावर वर्षातला सर्वांत ओला महिना नोव्हेंबरच आहे, आणि आपल्या चौकटीत ‘उत्तम काळ’ नेमका तिथून सुरू होतो.

आता उन्हाळी सुटीचे पाहू. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आपल्याच वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी येते आणि दुष्काळी भागापासून कोकणापर्यंत सगळ्यांना हायसे वाटते. ज्या समुद्रावर तो दाखल झालेला असतो, त्याच्याच पूर्व काठावर फुकेत आणि क्राबी आहेत. म्हणजे इकडे आपण पेढे वाटायच्या बेतात असतो, तेव्हा आपलीच माणसे तिकडे स्पीडबोटीचे तिकीट हातात घेऊन उभी असतात. पहिल्या पानावरची बातमी आणि पुरवणीतली चौकट एकाच इमारतीत तयार होतात, तरी त्यांची गाठ पडत नाही, याचे मला नवल वाटते.

मी मालवणची. आमच्याकडे मे महिना संपत आला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि पावसाळा ओसरेपर्यंत त्या पाण्यात उतरत नाहीत. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कितीही तगादा लावणारा पर्यटक असला तरी होडीवाला हलत नाही. थायलंडचे सरकारही अंदमानच्या बाजूला हेच करते. सिमिलान आणि सुरिन या बेटांची राष्ट्रीय उद्याने दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. फी फी समूहातील माया बे ही खाडी २०१८ च्या जूनमध्ये प्रवाळ वाचवण्यासाठी बंद केली, ती २०२२ च्या जानेवारीत उघडली; आताही ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ती बंद ठेवतात. लेखात माया बेचा मोठा रंगीत फोटो आहे, पण ही गोष्ट नाही. गणपतीच्या सुटीला जोडून कोणी तिथे गेलेच, तर त्याला ती खाडी बहुधा फोटोतच पाहावी लागेल.

मी आणि माझी कोल्हापूरची मैत्रीण अशाच सॅक घेऊन दिवाळीच्या सुटीत त्या भागात फिरलो. आम्हांला को ताओला जायचे होते, कारण मैत्रिणीला स्कूबा शिकायचे होते आणि नवशिक्यांना शिकवणाऱ्या शाळा तिथे गल्लोगल्ली आहेत. पण काळ आखाताच्या पावसाचा आहे हे ठाऊक असल्यामुळे आम्ही बँकॉक ते चुम्फोन हे रेल्वेचे तिकीट तेवढे आधी काढले होते. पुढचे ना बोटीचे, ना मुक्कामाचे. थाई रेल्वेत दुसऱ्या वर्गाचे बर्थ गाडीच्या लांबीला समांतर असतात आणि रात्री परिचारक येऊन स्वच्छ चादर अंथरून पडदा ओढून देतो, त्यामुळे झोप उत्तम झाली. चुम्फोनला पहाटे उतरलो तेव्हा मात्र पाऊस आडवा येत होता. स्टेशनबाहेर बोटकंपन्यांची टेबले लागलेली होती आणि एका टेबलावरच्या पांढऱ्या फळ्यावर मार्करने ‘आज बोट नाही’ अशा अर्थाचे इंग्रजीत लिहून खाली लाटांची उंची मीटरमध्ये दिली होती. फळ्यासमोर पुण्याचे एक कुटुंब बसले होते. आमचे मराठी कानावर पडताच त्यातले काका उठून आले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही जरा विचारून पाहा ना, दुपारी तरी सोडतील का? आमचं समुईचं सगळं हॉटेल पुण्यातूनच भरलंय, परत मिळत नाही म्हणतात.” मैत्रिणीने जाऊन विचारले. टेबलावरच्या मुलीने मान हलवून उद्याचा चौकोन दाखवला. तोही कोरा होता. काकांना कोणी अगोदर सांगितले असते की हा महिना त्या बेटाचा नाही, तर त्यांनी तेच पैसे पश्चिम किनाऱ्यावर सुखाने खर्च केले असते. त्यांनी समुई निवडले होते ते अशाच एका ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी’वर विसंबून.

आम्ही त्याच सकाळी रानोंगची व्हॅन धरली. चुम्फोनपासून रानोंगपर्यंत जमीन इतकी अरुंद होते की दोनेक तासांत माणूस आखाताकडून अंदमानच्या बाजूला पोहोचतो. वाटेत क्राबुरीच्या आसपास काचेवरचे ओघळ थांबले, पुढे रस्ता कोरडा लागला आणि सीटच्या पाठीवर टाकलेली माझी ओढणी रानोंग येईपर्यंत वाळली. रानोंग हा थायलंडमधला अतिपावसाचा प्रांत म्हणून ओळखला जातो. तरीही त्या दिवशी तिथे ऊन होते, कारण त्याचा पावसाळा सरत आला होता आणि चुम्फोनचा ऐन भरात होता. दुपारच्या संथ बोटीतून तांदळाची पोती, पाण्याचे कॅन आणि एक मोटरसायकल यांच्या सोबतीने आम्ही को फायाम या छोट्या बेटावर गेलो. तिथे मोटारींचे रस्ते नाहीत, काँक्रीटच्या अरुंद वाटा आहेत आणि वाटांच्या दोन्ही अंगांना काजूची झाडे. वेंगुर्ल्याच्या कोणत्याही पाणंदीत उभे आहोत असे वाटावे, इतकी. धनेश तर घरामागच्या झाडावर येऊन बसत होते. मैत्रिणीचे स्कूबा राहिले, पण पोहणे, चालणे आणि भरतीच्या वेळा पाळून किनारा पालथा घालणे यांत आमची सुटी उत्तम गेली.

याच बेटावर मोकेन लोकांची वस्ती आहे. अंदमान समुद्रातली ही भटकी जमात पूर्वी कोरडे महिने होडीतच काढायची आणि नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू झाला की किनाऱ्यावर झोपड्या बांधून राहायची. म्हणजे ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते पावसाळ्यात पाण्यावर राहत नव्हते, आणि आपण मात्र पोहता न येणाऱ्या आजीला घेऊन जुलैत स्पीडबोटीत बसतो, कारण तेव्हा पॅकेज निम्म्या दरात मिळते. या काळाला तिकडचे विक्रेते ‘ग्रीन सीझन’ असे गोंडस नाव देतात. शहरात राहून देवळे, बाजार, जेवण आणि मालिश यांसाठी जाणाऱ्याने त्या सवलतीचा फायदा जरूर घ्यावा. समुद्र हेच ज्याचे कारण आहे त्याने घेऊ नये.

हा केवळ सुटी वाया जाण्याचा प्रश्न असता तर मी इतके लिहिले नसते. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ ही पर्यटकांची बोट बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक मृत्युमुखी पडले. खवळलेल्या समुद्राचा इशारा आधी दिलेला होता, लाटा पाच मीटरपर्यंत उसळल्या होत्या आणि तरीही बोट गेली होती. फुकेतच्या पश्चिमेकडील पातोंग, कारोन, काता या पुळणींवर पावसाळ्यात पाण्याचा ओढा माणसाला आत खेचतो, म्हणून तिथे लाल बावटे लावतात. त्यांच्यापुढे जाऊन बुडण्याचे प्रकार दरवर्षी होतात. तारकर्लीपासून मुरुडपर्यंत स्थानिकांचे न ऐकता पाण्यात उतरणारे पर्यटक आम्ही पाहतो, त्यांना परदेशात गेल्यावर अधिक शहाणपण येते असे मानण्यास आधार नाही.

आखाताची बाजूही निर्धोक नाही. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘गे’ नावाच्या वादळाने चुम्फोन उद्ध्वस्त केले. तिथली चिंचोळी जमीन ओलांडून ते बंगालच्या उपसागरात उतरले, तिथे पुन्हा बळावले आणि थेट आंध्र प्रदेशात कावलीजवळ येऊन आदळले. २०१९ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ‘पाबुक’ वादळामुळे समुई, फांगान आणि ताओच्या बोटी बंद झाल्या आणि नववर्षासाठी गेलेल्या पर्यटकांची पळापळ झाली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मलेशियाच्या सीमेजवळचे हात याइ शहर पुराखाली गेले. रेल्वेने पेनांगकडे उतरणारे आपल्या लेखातले बहुतेक सगळे सॅकवाले याच शहरावरून जातात.

म्हणून चौकट महाराष्ट्रातल्या सुट्यांच्या हिशेबाने लिहावी, असे सुचवते. एप्रिल-मेच्या सुटीत, विशेषतः मेच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर, समुई, फांगान आणि ताओ निवडावे. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियन आणि तिओमान ही बेटेही तेव्हा उघडी असतात, पण नोव्हेंबरपासून तिथले बहुतेक मुक्काम बंद होतात. दिवाळी लवकर आली तर ऑक्टोबरात दोन्ही किनाऱ्यांवर पाऊस भेटू शकतो, त्यामुळे तेव्हा बँकॉक आणि उत्तरेकडची शहरे धरून समुद्राला शेवटचे दिवस द्यावेत. दिवाळी नोव्हेंबरात असेल, किंवा नाताळची सुटी असेल, तर सरळ फुकेत, क्राबी, रानोंगकडे जावे. ज्यांना जून ते ऑगस्टमध्येच वेळ मिळतो त्यांनी विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे, बाली आणि लोंबोककडे पाहावे, कारण तिथला कोरडा हंगाम तेव्हा असतो.

यापलीकडे एक सवय सांगावीशी वाटते. पावसाचा अंदाज पाहून बेटाचा बेत ठरवू नये, लाटांचा पाहावा. तासभराच्या पावसाने कोणाचे काही अडत नाही. अडते ते दोन-तीन मीटरच्या लाटांनी. थायलंडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही किनाऱ्यांसाठी लाटांची अपेक्षित उंची इंग्रजीत वेगवेगळी दिलेली असते आणि लहान बोटींनी बाहेर पडू नये असे असेल तर तेही स्पष्ट लिहिलेले असते. आमचे मच्छीमार जसे सकाळी आधी इशारा पाहतात तसेच हे आहे.

सॅक घेऊन फिरणे म्हणजे स्वस्तात फिरणे, असा सूर आपल्या लेखात आहे. दोघांच्या प्रवासात पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठी सोय अशी की सकाळी फळा वाचून दुपारी दुसऱ्या समुद्रावर जाता येते. ही सोय सगळे आधी भरून टाकणाऱ्याला राहत नाही. त्यामुळे पहिले दोन मुक्काम ठरवून बाकीचे मोकळे ठेवावेत, परत न मिळणाऱ्या दराच्या मोहात पडू नये आणि परतीच्या विमानाआधी निदान एक रात्र मुख्य भूमीवर काढावी, एवढे तरी लेखात यायला हवे होते. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाविना राहण्याची मुदत ६० दिवस केली, तेव्हापासून अशा सुट्या प्रवासाकडे ओढा वाढला आहे. मुदतीचे नियम बदलत असतात, तेव्हा तेही निघण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावेत.

आपल्याकडे उन्हाळी सुटीचे बेत परीक्षा संपण्याच्या बरेच आधी ठरतात. तेव्हा सुधारलेली चौकट छापायची असेल तर ती मे महिन्याच्या पर्यटन विशेषांकासाठी राखून न ठेवता फेब्रुवारीतच छापावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग