शिऱ्या, तुझा डोंगर बघून आलो

सांगली,
20 जानेवारी

प्रिय शिऱ्या,

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय. परवाच्या रविवारी तुझा कराडचा आगाशिव डोंगर चढून आलो, आणि त्याच दिवशी उन्हं उतरताना बहे-बोरगावचं रामलिंग बेटही केलं. हस आता. होस्टेलच्या गच्चीवर तू "आमच्या डोंगरात 64 लेणी आहेत, तुमच्या सांगलीत काय, भडंग?" असं खिजवायचास, तेव्हा "दगडातली भोकं बघायला तंगडतोड कोण करणार" म्हणणारा मीच. त्यानंतर पुण्याला जाता-येता तो डोंगर एस.टी.च्या खिडकीतून शेकडो वेळा बघितला असेल. उतरलो कधीच नाही.

या वेळी उतरलो ते बायकोमुळे. तिच्या भिशीतल्या बायकांनी एका सहलवाल्याकडे नाव घातलं होतं: माणशी 850 रुपये, चहा-नाष्टा-जेवण त्यातच, सोबत माहिती सांगणारा माणूस. एकीला ताप आला आणि तिची जागा माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, "कराड दाखवायला पैसे देऊन माणूस कशाला? शिऱ्याला फोन केला तर फुकटात सांगेल." बायको म्हणाली, "शिरीषभावजी नागपुरात बसलेत. आणि फुकटात तुम्ही 40 वर्षांत गेलात का?" यावर काय बोलणार?

पहाटे साडेसहाला निघालो. आष्ट्यापर्यंत धुकं, आणि धुक्यात समोर उसाच्या ट्रॉल्या. ड्रायव्हर बिचारा एकेका ट्रॉलीमागं दहा-दहा मिनिटं रांगत होता. पेठ नाक्यावर चहा झाला आणि तिथंच आमचे माहिती सांगणारे गाडीत चढले. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत होते, मीही म्हणायला लागलो. मला वाटलं होतं, आता माईक हातात घेऊन "आपल्या उजव्या हाताला" सुरू होणार. तर हा माणूस दांड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "अजिंठा मनात धरून आला असाल तर आत्ताच सांगतो. वर चित्र नाही, मोठी मूर्ती नाही. आपण रिकाम्या खोल्या बघायला चाललोय." भिशीतल्या दोघींचे चेहरे पडले. मला मात्र माणूस तिथंच आवडला. आपला माल आहे त्यापेक्षा भारी न सांगणारा माणूस मार्केट यार्डात फार बघायला मिळत नाही.

जखिणवाडीतून चढलो. तुझी वाट तीच ना? मधे मी दोनदा बसलो, बायको एकदाही नाही. सरांनी चढताना फार काही सांगितलं नाही, एवढंच की लेणी तीन गटांत विखुरलेली आहेत, जखिणवाडीच्या अंगाला 23, बाकीची डोंगराच्या दुसऱ्या बाजूंना. दोन हजार वर्षांपूर्वीची, बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत यायच्या आधीची. म्हणून पूजेला स्तूप आणि राहायला खोल्या, बस्स. दगडही कार्ल्यासारखा चांगला लागलेला नाही, भुसभुशीत आहे, त्यामुळं कोरीव काम करणाऱ्यानं हौस कितीही केली असती तरी टिकली नसती.

एका लेण्याच्या दर्शनी खांबांपाशी मात्र ते थांबले. एकावर वर चक्र, दुसऱ्यावर सिंह. झिजलेत इतके की दाखवल्याशिवाय सिंह सिंह वाटत नाही. कार्ल्याला हेच आहे, भव्य, आणि इथं कुणीतरी ते आठवून आपल्या ऐपतीत केलंय. सर म्हणाले, "मोठ्या गावचं लग्न बघून आलेल्या माणसानं घरचा मांडव घालावा, तसं आहे हे."

मग एका खोलीत नेलं. तुला सांगतो, खोली म्हणजे आपल्या होस्टेलच्या खोलीहूनही लहान. एका भिंतीला दगडाचाच ओटा, निजायला. वटवाघळांचा वास. आठ माणसं आत शिरली की नववा बाहेर. सरांनी सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावले, दोन मिनिटं नुसतं उभं केलं आणि मग स्वतःची बॅटरी काढली. ती भिंतीवर समोरून नाही मारली. भिंतीला चिकटवून आडवी धरली, गालाला वस्तरा लावतात तशी. आणि शिऱ्या, सपाट वाटणारी भिंत एकदम उठून आली. वरून खाली तिरक्या, जवळजवळ, बोटाएवढ्या रुंदीच्या खाचा. छिन्नीचे घाव. एका कोपऱ्यात खाचांची दिशाच बदललेली. सर म्हणाले, "इथं हात अवघडलाय. डावीकडून मारायची जागा नाही, म्हणून त्यानं अंग फिरवलंय." मी त्या खाचेत बोट घातलं. बोट बसलं. काय वाटलं ते लिहायला गेलो तर तू मला कवी म्हणशील, म्हणून सोडून देतो.

बाहेर पाण्याची टाकी आहेत, त्यांना जुन्या लेखांमधे पोढी म्हणत. पावसाळ्यात भिक्षूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, म्हणून ह्या खोल्या आणि हे पाणी. आणि बाकीच्या दिवसांत खालून व्यापारी जायचे, त्यांचा आसरा. इथं मी कान टवकारले. सर सांगत होते की कराड तेव्हाही पैसेवाल्यांचं गाव होतं. करहाकट म्हणायचे. मध्य प्रदेशात भारहुतला स्तूप आहे, त्याच्या दगडी कठड्यावर "करहाकटच्या नगराचं दान" असं कोरलेलं आहे. कुठं कराड, कुठं भारहुत! इकडं कोकणात कुड्याच्या लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान आहे. आणि आगाशिवाच्या लेण्यांतही एक लेख आहे, एवढासाच: गोपाळाचा मुलगा संघमित्र, त्यानं दिलेलं लेणं, देयधम्म, म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान.

देयधम्म ऐकलं आणि मला आमची वहीच दिसली. अडतीच्या पट्टीत हमाली, तोलाई, आणि खाली धर्मादाय! 34 वर्षं दिवाणजी म्हणून मी तो रकाना भरला, आणि तो कुठून आला असा विचार एकदाही केला नाही. मी सरांना तसं बोललो. ते हसले नाहीत. म्हणाले, "हेच आहे. राजानं नाही कोरवली ही, पेठेनं कोरवलीत." दिवसभरात ह्या एका वाक्याचे 850 रुपये मी आनंदानं दिले असते. (बायकोला सांगू नकोस.)

आता तुझ्या कामाचं. त्या लेखाची गोष्ट सांगून झाली आणि सरांनी बॅटरी शेजारच्या भिंतीवर फिरवली. कोळशानं, खिळ्यानं, दगडानं लिहिलेली नावं. बदाम, बाण, दहावी अमुक तुकडी. सर एकदम चिडले. आवाज चढला नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "संघमित्रानं अख्खं लेणं दिलं तेव्हा एक ओळ लिहिली. ह्यांनी काय दिलं?" सगळे मान हलवत होते. मीही हलवत होतो आणि माझ्या डोळ्यापुढं तू होतास. होस्टेलच्या गच्चीवर, 1983 साली, परीक्षेच्या आदल्या रात्री, "आगाशिवाला एका लेण्यात माझं आणि तिचं नाव आहे, खिळ्यानं कोरलंय" असं सांगणारा. आम्ही तेव्हा तुला केवढं मानलं होतं! मी सरांना काही बोललो नाही. पण पुढच्या तीन लेण्यांत सगळे छताकडं बघत असताना मी भिंती वाचत होतो. एका ठिकाणी "शि" सापडला. पुढं पापुद्रा पडलेला. तुझाच असेल असं नाही, शिवाजी, शिंदे, शिरगावकर, कराडात "शि" काय कमी आहेत? तरी मी त्यावर हात ठेवून उभा राहिलो, सरांना दिसू नये म्हणून. म्हणजे बघ, 40 वर्षांनीही तुझ्या उद्योगांवर पांघरूण घालायचं काम माझ्याचकडं.

तिथून कराड दिसतं. दोन्ही नद्या. आपल्याकडच्या बहुतेक नद्या तिरक्या येऊन मिसळतात. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात हे मी भूगोलात पाठ केलेलं, पण वरून पहिल्यांदा बघितलं. तुमचं घाटाजवळचं घर कुठं असेल त्याचा अंदाज बांधत बसलो. शिखरावरच्या महादेवाला मात्र गेलो नाही, माझे गुडघे "नको" म्हणाले.

यानंतर दिवस जरा घसरला. पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की कराडात नकट्या रावळाची विहीर दाखवणार. तू त्या पायऱ्यांवर उतरून अभ्यास करायचास, गार लागतं म्हणून, त्यामुळं ती बघायची मला फार ओढ. पण सहलवाल्यानं जेवणाला हायवेवरच्या एका हॉटेलात नेलं आणि तिथं दीड तास मोडला. भाकरी यायला पाऊण तास, आणि आल्या त्या गार. मग म्हणतो, "विहीर राहू दे, बेटावर उशीर होईल." सरांचा चेहरा उतरला. ते बिचारे मागल्या सीटवर बसून दोघा-तिघांना विहीर तोंडी सांगत होते. मी भडंगाची पिशवी पुढं केली. (हो, भडंगच. तुझ्या लेण्यांच्या उतरणीवर मी भडंग खाल्लं, सांगलीचं नाक वर ठेवलं.)

बेटावर मात्र उन्हाची वेळ बरोबर साधली. तू तिथं गेला नाहीस कधी, नाही का? कृष्णा तिथं दुभंगते. मधे बेट, झाडी, त्यात रामाचं देऊळ आणि रामलिंग. गोष्ट अशी की राम इथं नदीकाठी वाळूची पिंड करून पूजेला बसला, कृष्णेला दर्शनाची घाई झाली आणि ती फुगली. मारुती रामाच्या मागं उभा राहिला आणि दोन्ही बाहू पसरून त्यानं पाणी दोन्ही अंगांनी काढून दिलं. बाहूंवरून बाहे. समर्थांच्या अकरा मारुतींतला हा एक, शके 1573 मधला. समर्थ आले तेव्हा मारुती दिसेना, म्हणून त्यांनी डोहात बुडी मारून मूर्ती काढली असं सांगतात.

मारुती रामाच्या देवळामागंच आहे. आपल्याकडचा मारुती म्हणजे एक हात वर, चपेटा मारायच्या बेतात. हा तसा नाही. ह्याचे दोन्ही हात बाजूला, काहीतरी थोपवून धरल्यासारखे. गर्दीत लहान पोराला धक्का लागू नये म्हणून बाप हात आडवे करतो ना, तसे. सर म्हणाले, नदीला कातळ आडवा आला की ती फुटते, कातळाच्या आडोशाला गाळ साचतो, बेट होतं. "तुम्हाला दोन्हींतलं कुठलं पटतं ते घ्या, मला दोन्ही पटतात." पुजाऱ्याच्या घरातली म्हातारी तिथंच वाती वळत होती. ती म्हणाली, "पटायचं काय त्यात? पाणी आलं की आम्ही बी भाइर पडतोच की." 2019 ला पाणी कुठवर होतं विचारलं तर तिनं हात वर केला आणि तो आणखी वर जाईना म्हणून मान वर केली. आम्हाला सांगलीकरांना ते वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या गल्लीत होडी फिरली. एवढं सगळं पाणी ह्याच्या दोन हातांमधून वाहून आमच्याकडं आलं होतं, हे तिथं उभं राहिल्यावर सुचलं. आणि त्यातलं बरंचसं तुमच्या कोयनेचं.

बेटाला आम्हाला मिळाली फक्त 40 मिनिटं. हॉटेलला 90, बेटाला 40! मी काठावरच्या कातळावर बसून पाय पाण्यात सोडले तेवढ्यात सहलवाल्याची शिट्टी वाजली. माणसाला शिट्टी वाजवून बोलावतात का रे? आलो नाही लगेच. बायको येऊन शेजारी बसली, तिनंही चपला काढल्या. शेवटी सर स्वतः बोलवायला आले आणि तेही पाच मिनिटं उभे राहिले.

उतरताना मी सरांचा नंबर घेतलाय. सहलवाला नको, आपणच गाडी करू, सरांना घेऊ, सकाळी विहीर, मग वर महादेवापर्यंत, गुडघ्यांचं मी बघतो. तू होळीला कराडला येणार असं वहिनी म्हणाल्या होत्या. यायच्या आधी दोन गोष्टी कळव. एक, विहिरीच्या पायऱ्या आता उतरता येतात का ते तुझ्या चुलतभावाला विचार. दुसरं, ते नाव नक्की कितव्या लेण्यात आहे? सरांना त्या लेण्यात मी अगोदर दुसरीकडं गुंतवून ठेवीन.

तुझा,
मध्या

ता. क. वहिनींना हे पत्र वाचायला देऊ नकोस. "तिचं" म्हणजे कुणाचं, हे मला अजून आठवतंय.