एका भोकाचा तपास

महोदय,

पेट्रोल पंपाची जमिनीखालची इंधनाची टाकी झिरपू लागली तरी वरची फरशी कोरडी ठणठणीत असते. म्हणूनच गळतीनंतर दिले जाणारे ‘टाकी बदलली, विषय संपला’ हे उत्तर मला पटत नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. ते भूजलावर तरंगते, पण त्यातले बेंझिन हे कर्करोगकारक रसायन विरघळून पाण्याबरोबर पुढे सरकते. निरीक्षण विहिरीत, म्हणजे भूजल तपासण्यासाठी पाडलेल्या अरुंद बोअरमध्ये, पारदर्शक नळी सोडून वर काढली, की कधी कधी हा थर डोळ्यांनाच दिसतो: खाली पाणी, वर बोटभर इंधन. तो दिसला नाही म्हणजे पाणी चांगले, असेही नाही. पिण्याच्या पाण्यात बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे; एवढ्याशाला ना रंग, ना वास.

आणि तपास कसला, तर टाकीशेजारी एक भोक पाडायचे नि मोकळे व्हायचे! भूजल कुठल्या दिशेने वाहते हे कळायला निदान 3 विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नकोत. पाण्याची पातळी ऋतूनुसार वरखाली होते, तसे इंधन मातीला माखत जाते. तेव्हा एकाच नमुन्यावर जागा स्वच्छ असल्याचा दाखला देऊ नये. अहवालाची प्रत शेजारच्या विहिरीच्या मालकालाही मिळावी. ते पाणी तोच पितो.

– एक वाचक