चिसारुआतल्या चौघांबद्दल

मिसिसागा

ती. आई आणि बाबांस,
सादर नमस्कार.

बाबा, "अनोळखी माणसांना जामीन राहिलीस?" या तुमच्या प्रश्नाचं फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे जामीन म्हटलं की कर्जदार पळाला आणि घरावर जप्ती आली, हेच डोळ्यांसमोर येतं. इथली गोष्ट वेगळी आहे. इंडोनेशियात चिसारुआला अडकलेल्या चौघांच्या निर्वासित कुटुंबासाठी आम्ही पाचजण हमीदार झालोय. कॅनडात 1979 पासून साध्या माणसांनाही निर्वासित कुटुंब बोलावता येतं. पाच किंवा जास्त नागरिक वा कायम रहिवासी एकत्र येतात आणि कुटुंब उतरल्यापासून 12 महिने त्याचं घरभाडं, किराणा, कपडेलत्ते बघण्याची लेखी हमी सरकारला देतात. चौघांसाठी सरकारी तक्त्यात साधारण 28,700 डॉलर धरलेत, म्हणजे आम्हा पाचजणांत माणशी 5,740. जुनं पण चांगलं सामान मिळालं, तर त्यातलं थोडं वाचतं. विमानाच्या तिकिटाचं कर्ज त्यांच्याच नावावर असतं आणि ते बिनव्याजी असतं. त्या कुटुंबाकडून मात्र आम्ही एक डॉलरही घ्यायचा नाही, तो थेट नियमभंग. "स्पॉन्सर (हमीदार) मिळवून देतो" म्हणून पैसे मागणारा माणूस दलालच समजायचा.

आई, तू विचारलंस ही माणसं कोण. ते हजारा जमातीचे आहेत. अफगाणिस्तानच्या मधल्या डोंगराळ मुलखातले. यांचं गाव गझनीच्या जाघोरी भागातलं. 2001 साली बामियानच्या बुद्धमूर्ती फोडल्या ना, तो मुलूखही हजारा लोकांचाच. बहुतेक शिया, आणि चेहरेपट्टी अशी की गर्दीतही चटकन ओळखू येतात. 1998 मध्ये मझार-ए-शरीफला त्यांची कत्तल झाली. 8 मे 2021 ला काबूलच्या दश्त-ए-बर्चीत शाळा सुटताना स्फोट झाले, त्यात बहुतेक मुलीच गेल्या. सीमा ओलांडून पाकिस्तानात क्वेट्टाला जावं, तर तिथेही बॉम्ब.

म्हणून काही जण पार इंडोनेशियापर्यंत गेले. चिसारुआ हे जकार्ताच्या दक्षिणेला डोंगरातलं गाव, हवा आपल्या पाचगणीसारखी थंड. पण इंडोनेशियानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. राहू देतात, पण काम करू देत नाहीत. मुलांसाठी निर्वासितांनी स्वतःच वर्ग चालवलेत. पुढे ऑस्ट्रेलिया गाठायची आशा होती, पण 1 जुलै 2014 पासून इंडोनेशियात संयुक्त राष्ट्रांकडे नोंद झालेल्यांना घ्यायचं नाही, असं ऑस्ट्रेलियानं ठरवून टाकलं. संयुक्त राष्ट्रांच्या वाटेनं दुसऱ्या देशात जागा मिळते ती जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना. तरुण माणसांची ऐन उमेदीची वर्षं तिथे नुसती बसून जातात, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

आता आमचं काम. पैशांपेक्षा कागद जास्त जपावे लागतात. सगळ्यात आधी संयुक्त राष्ट्रांनी निर्वासित म्हणून मान्यता दिल्याचा कागद. तो नसेल तर पाचजणांच्या गटाचा अर्ज उभाच राहत नाही. मग 18 व्या वर्षापासूनची किंवा गेल्या दहा वर्षांची हकिगत, एकही महिना रिकामा न सोडता. बेकार होता तर "बेकार" असं लिहायचं, वाटेत होता तर कुठे होता ते. एक रकाना सुटला की आख्खा अर्ज परत येतो.

सगळ्यात घोळ जन्मतारखेचा. अफगाण ओळखपत्राला तझकिरा म्हणतात. त्यावर पुष्कळदा तारीख नसतेच. "1379 साली वय 5 वर्षे" एवढंच असतं. बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. आपण शकात 78 मिळवून इसवी सन काढतो, जानेवारी ते पाडव्याआधीची तारीख असेल तर 79. त्यांचं शम्सी म्हणजे सौर वर्षही आपल्या पाडव्याच्या सुमारास, 21 मार्चला सुरू होतं. त्यात 621 मिळवायचे आणि जानेवारी ते 20 मार्चमधली तारीख असेल तर 622. म्हणजे जन्म 1374 चा, इसवी 1995. पण तारीख माहीत नसली की संयुक्त राष्ट्रांच्या नोंदणीच्या कार्डावर बहुधा 1 जानेवारी पडते. आणि 1 जानेवारी 1995 चं शम्सी वर्ष निघतं 1373! झाले दोन कागद दोन तोंडांनी बोलायला. अधिकाऱ्याला वाटतं, माणूस खोटं सांगतोय. यावर उपाय एकच: सगळ्या फॉर्मवर कार्डावरचीच तारीख ठेवायची, तझकिऱ्याचं भाषांतर जोडायचं आणि हा हिशेब वेगळ्या कागदावर मांडायचा. नावाचंही तसंच. आपल्यासारखं नाव, वडिलांचं नाव, आडनाव नसतं. एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाचा रकाना कोरा राहतो.

घरातलं प्रत्येक माणूस अर्जात लिहावंच लागतं, बरोबर येणार नसलं तरी. वाट बघता बघता बाळ झालं, तर तेही ताबडतोब कळवायचं. जे नाव सुटलं, त्याला मागून बोलावणं फार अवघड. पुढे मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. ती 12 महिनेच चालते. व्हिसा रेंगाळला की पुन्हा करा. क्षयाची शंका आली, तर थुंकीच्या तपासणीतच दोनेक महिने जातात.

29 नोव्हेंबर 2024 पासून सरकारनं अशा गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. आपला त्याआधी पोचला. तो चुकीपायी परत आला असता, तर पुन्हा द्यायला दारच उघडं नव्हतं. म्हणूनच मी रात्री त्या कागदांवर एवढी बसत होते, बाबा.

आई, ते कधी येतील हे आज कुणालाच सांगता येणार नाही. मुलांचे स्वेटर विणू नकोस, मापं बदलतील. गोधड्या मात्र शिवायला घे. चार हव्यात, प्रत्येकी 5 बाय 7 फूट, आणि आत जुनं सुती लुगडंच घाल.

तुमची
मनू