मार्केट यार्डातल्या दिवाणजी काकांना

तीर्थस्वरूप दिवाणजी काकांस,
शि. सा. न. वि. वि.

या दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही पेढीवरून निवृत्त होणार, असं परवा गहू भरायला आले तेव्हा कळलं. तोंडावर आभार मानले तर "बरं बरं, पोती मोजून घ्या" म्हणून तुम्ही विषय बदलाल. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. डबे, मसाले, शिवणकाम असले लहान धंदे चालवणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

मार्च २०२० मध्ये सदाशिव पेठेतल्या माझ्या पोळीभाजी केंद्रातून रोज १४० डबे जायचे. त्यातले शंभरावर डबे स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती, मुलं तोवर हलणार नाहीत म्हणून मी तुमच्याकडून सहा पोती लोकवन, डाळी आणि तेलाचे डबे भरून ठेवले होते. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून सगळा देश बंद. परीक्षा पुढे गेली, मुलं गावी गेली. आठवड्यात १४० चे शून्य झाले. पोळ्या लाटणाऱ्या तिघी, जागेचं भाडं आणि तुमच्या पेढीची ३८ हजारांची उधारी मात्र जागच्या जागी होती.

तुम्हाला फोन केला तेव्हा मी रडत होते. धंदा मोडते, कणीक मळायचं मशीन विकून तुमचे पैसे फेडते, असं काहीबाही बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "ताई, गहू किती शिल्लक आहे? डाळी किती? आधी मोजा, मग बोलू." मी डोळे पुसून मोजायला उठले. चार पोती गहू, चाळीस किलो हरभराडाळ, थोडी उडीदडाळ, तांदूळ, धने, जिरे. कागदावर लिहून झालं तेव्हा छातीतली धडधड निम्मी झाली होती.

यादी ऐकून तुम्ही म्हणालात, "पोळी रात्रीपर्यंत टिकते, भाजणी दोन-तीन महिने टिकते. गिऱ्हाईक आज नाही, मग टिकेल ते करा." ज्वारी-बाजरी तुम्हीच पाठवलीत. यार्ड कधी चालू, कधी बंद, तरी टेम्पो आला. थालीपिठाच्या भाजणीला प्रत्येक धान्य वेगळं भाजावं लागतं. एकत्र टाकलं तर ज्वारी कच्ची राहते आणि उडीद करपतो. माझा पहिला घाणा घाईत करपला, अख्खी भाजणी कडवट झाली. तिघी बायका येऊ शकत नव्हत्या, घरचे हाताशी आले. मंद आच, जाड बुडाची कढई, दाणा हाताला गरम लागेपर्यंत परतणं. गिरणी सकाळी दोनच तास उघडायची, त्या वेळात दळून आणायचं. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. पहिल्या महिन्यात ११० किलो भाजणी गेली. तिघींना निम्मा का होईना पगार देता आला.

उधारीबद्दल तुम्ही एकच अट घातलीत. "रक्कम कितीही द्या, पण सोमवार चुकवायचा नाही." कधी पाचशे, कधी दीड हजार, पण मी सोमवार चुकवला नाही. मालकांकडे माझ्यासाठी तुम्ही स्वतःचा शब्द टाकला होता, हे मला वर्षभराने दुसऱ्याकडून कळलं.

मुलं परतली, तरी घडी लगेच बसली नाही. ११ मार्च २०२१ ला परीक्षा तीन दिवसांवर असताना पुन्हा पुढे ढकलली, मुलं रस्त्यावर उतरली, शेवटी २१ ला ती झाली. तोवर भाजणी आणि डबे असे दोन पाय धंद्याला फुटले होते, म्हणून मी उभी राहिले. मग २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल भडकलं. डब्यामागे दहा रुपये वाढवायचा फलक मी लिहायला घेतला होता. तुम्ही म्हणालात, "दर वाढवण्याआधी ताट बदलून बघा." आठवड्यातून तीनदा असलेलं तळण एकदाच ठेवलं, बाकीचे दिवस मुगाची उसळ, भरीत, पिठलं. मुलांनी तक्रार केली नाही, उलट पिठल्याचा दिवस विचारू लागली.

त्याच वर्षी एका कंपनीकडून रोज ३०० डब्यांची मागणी आली. मी हवेतच होते. तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत आणि पावतीच्या पाठीवर मांडलंत: ७० रुपयांचा डबा, दिवसाचे २१ हजार, २५ दिवसांचे सव्वापाच लाख. ते पैसे देणार ९० दिवसांनी, म्हणजे पावणेसोळा लाखांचं येणं अडकलेलं. "एवढं पीठ, तेल, पगार तीन महिने कोण पुरवणार?" सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, हा २००६ चा कायदाही मला तुमच्याकडूनच कळला. लहान उद्योग म्हणून सरकारकडे करायची उद्यम नोंदणी मी त्यानंतर केली. कंपनीला ८० डबे आणि १५ दिवसांत पैसे, असं सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. तेव्हा फार वाईट वाटलं. आज वाटतं, त्या नकाराने घर वाचलं.

तुमच्या सांगण्यावरून रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मी आता रोज रात्री लिहिते. धंद्याचा गल्ला वेगळा, घरचा वेगळा. मालकीण म्हणून माझाही पगार ठरलेला, १ तारखेला तेवढाच उचलायचा. यात सर्वांत अवघड गेलं ते विश्रांतीचं. पहाटे साडेतीनला उठून रात्री अकरापर्यंत उभी राहायचे, बोलणं चिडचिडं झालं होतं, मुलगी लांब लांब राहायची. "जात्यालासुद्धा टाकी लावायला, दगडाला पुन्हा खाचा पाडायला थांबवावं लागतं," तुम्ही म्हणालात. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी केंद्र बंद. आम्ही मायलेकी सारसबागेत जातो, भेळ खातो. मुलगी आता शाळेतलं सगळं सांगते.

हे सगळं सांगणारे तुम्ही स्वतः किती बदललात, ते मी पाहिलंय. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा साठी ओलांडलेले तुम्ही मालकांच्या नातीकडून संगणक शिकलात, आणि लाल बासनातली वहीही सोडली नाहीत. महिनाअखेरीला दोन्ही ताडून बघायचात.

पाडव्यानंतर दुपारी साडेबाराला तुमच्या घरी डबा येईल. दोन ज्वारीच्या भाकरी, कमी तेलाची भाजी, काकूंसाठी मऊ भात. फुकट तुम्ही घेणार नाही, म्हणून खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, तुमच्या नावाचं पान उघडलं आहे. महिन्याच्या ५ तारखेला हिशेब पाठवीन, दर मात्र मी ठरवणार.

काकूंना नमस्कार.

आपली,
पोळीभाजीवाली ताई